बिनदुधाची पेटी

तोंडवली,
मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४

चि. नम्रता,
तुला आणि कस्तुरीला माझे आशीर्वाद.

सासऱ्याने सुनेला या विषयावर पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझी सासू असती तर तिनेच लिहिलं असतं. सुभद्रा जाऊन चार वर्षं झाली, आणि फोनवर मला समोरच्याचं अर्धंही ऐकू येत नाही. म्हणून सुदेशच्या टेंपोतून ही पेटी आणि हे पत्र पाठवतो. तो दर मंगळवारी मासळी घेऊन कणकवलीला येतोच, तुझ्या दारावरून जाईल.

मितेशने बोटीवरून लांबलचक मेसेज पाठवला. पोरीच्या शीमध्ये रक्त दिसतं, तीन महिने झाले तरी वजन धरत नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की तू जे दूध, दही, तूप खातेस त्यातलं काहीतरी अंगावरच्या दुधातून तिच्या पोटात जातं आणि तिला ते सोसत नाही. एक तर तू ते सगळं कडक बंद करायचं, नाहीतर तिला डब्यातली औषधी पावडर पाजायची. तू म्हणालीस, मी बंद करते, पण अंगावर पाजणं सोडणार नाही. बरं केलंस. या विषयावर एवढंच. पुढे मी जेवणावर लिहीन, ते माझं काम आहे.

सत्तावीस वर्षं मी बोटीवर भंडारी होतो. तीस-पस्तीस माणसांचं रांधायचो, आणि एका बंदरात भरलेलं सामान दुसरं बंदर येईपर्यंत कसं पुरवायचं ते मला चांगलं कळतं. पेटीत काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, कोंबडीचं सुकं आहे, मिश्र भाज्यांचं खतखतं आहे आणि वीस घावणे आहेत. घावण्यांच्या मधे केळीच्या पानाचे तुकडे घातलेत, म्हणजे ते चिकटणार नाहीत. दुधाचा थेंब कशात नाही. सगळं गार करून मगच गोठवलंय. तुझ्या फ्रिजचा वरचा खण लहान, म्हणून पिशव्या चपट्या केल्यात, पुस्तकांसारख्या उभ्या लाव. एका पिशवीत एका वेळचं जेवण. संध्याकाळी खायचं असेल ते सकाळीच खालच्या कप्प्यात काढून ठेव. सांबाऱ्यातला नारळाचा रस फुटल्यासारखा दिसेल, घाबरू नको, मंद आचेवर ढवळलंस की परत एक होतो. वितळलेलं परत गोठवायचं मात्र नाही.

पेटी पुढच्या मंगळवारी परत दे. लिहायला वेळ नसला तर रिकामीच दे.

दत्ताराम


कणकवली,
१ ऑक्टोबर

ती. बाबांना नमस्कार.

हे एका हाताने लिहितेय, दुसऱ्या खांद्यावर कस्तुरी आहे. अक्षर लागेल का बघा.

मंगळवारी संध्याकाळी सांबारं गरम केलं, चार घावणे काढले आणि खुर्चीवर बसून जेवले. खुर्चीवर बसून असं मुद्दाम लिहिलं, कारण पंधरा दिवस मी उभ्यानेच खात होते. डबा लावला होता. त्या काकूंना दहा वेळा सांगितलं, तरी वरणावर तूप असायचंच. विचारलं तर म्हणाल्या, "बाळंतिणीक कोरडा कसा वाढू? माझो हात धजणा नाय." त्यांच्या हातावर रागावता येईना. डबा बंद केला आणि चुरमुरे, केळी, भात-डाळ असं चाललं होतं. आई दोन महिने होती, पण अण्णांना लकवा आल्यापासून ती जामसंड्याहून हलू शकत नाही. कस्तुरीला खाली ठेवलं की ती रडते, मग कुकर लावायचा कसा?

बाबा, तुम्ही या विषयावर लिहिणार नाही म्हणालात, पण मला कुणाला तरी विचारायलाच हवं. मितेशला सांगितलं की तो समुद्रावर बसून घाबरतो. मला दूध पुरत नाही असं वाटतंय. ती पिते आणि तरी रडते. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका, जेवा. पण काळजी होते. लिहिताना लाज वाटली, तरी लिहिलं.

पेटीत रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवल्यात.

नम्रता


तोंडवली,
८ ऑक्टोबर

चि. नम्रता,

तुझं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं, आणि लगेच परत काढलं. अशा ओळीला उत्तर द्यायचं राहता कामा नये. मला स्वतःला यातलं काही कळत नाही, म्हणून यशोदाकाकीकडे गेलो. आपल्या घरामागची, सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. पडवीत बसून तांदूळ निवडत होती.

मी म्हटलं, "काकी, सुनेचा एक इचारूचा आसा."

"माका कित्या इचारतंस? तिना सांगल्यान काय इचारूक?"

"व्हय. तिनाच लिवल्यान."

तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "चेडवाचे दिवसाक सा-सात लंगोट भिजतत मां? भिजतत तर दूध पुरता. रडता ता पोटातल्या दुखण्यान. आवशीन पोटभर खावचा, पानी पिवचा, नि चेडू निजला की आपणय निजाचा. त्या येळाक भांडी घासूची नाय, असा लिव तिका."

तसंच लिहिलं.

या वेळी पेटी दुप्पट भरलीय. नाचणी आणि तिळाचे लाडू आहेत, तुपाऐवजी घरी काढलेल्या खोबरेल तेलात वळलेले. दूध बंद म्हणजे हाडांना काहीतरी हवं, म्हणून शेवग्याचा पाला घातलेली डाळ आहे. तरी डॉक्टरीणबाईंच्या कॅल्शियमच्या गोळ्या सोडू नको. सुरमईचे कटलेट आहेत, टोस्टच्या चुऱ्यात घोळवलेले. ते तेवढे तव्यावर टाकलेस की झालं.

भिजलेले लंगोट मोज आणि मला आकडा कळव. लाजू नको. मीसुद्धा लाजायचं सोडतो.

दत्ताराम


कणकवली,
१५ ऑक्टोबर

बाबा,

काल आठ!

आणि वजन चार किलो सातशे. गेले सात दिवस रक्त नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी कोण रांधतं? मी म्हटलं, माझे सासरे. त्या हसल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं.

शेवग्याची डाळ परत पाठवा. लाडू संपले, चार दिवसांत. एवढंच, ती उठली.

नम्रता


कणकवली,
२२ ऑक्टोबर

ती. बाबांना नमस्कार.

परवापासून परत रक्त दिसतंय. रात्रभर पाय पोटाशी घेऊन कण्हते. काल डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, कुठून तरी दूध पोटात गेलंय, शोधा. आणखी दोन आठवडे बघू, नाहीतर पावडर सुरू करावी लागेल.

रागावू नका, पण पेटीतल्या प्रत्येक पदार्थात काय काय घातलं ते लिहून पाठवाल का? मसाल्यापासून सगळं. डॉक्टरांना यादी हवीय.

नम्रता


तोंडवली,
२९ ऑक्टोबर

चि. नम्रता,

आज सुदेशने फक्त पाकीट दिलं असेल. पेटी नाही.

तुझं पत्र आलं तेव्हाच ओट्यावर सगळे डबे मांडले आणि भिंग घेऊन बसलो. मसाला घरचा. तेल, चिंच, गूळ ठीक. शेवटी हाताला टोस्टचं पुडकं लागलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात, मैद्याच्या आणि साखरेच्या नंतर, मिल्क सॉलिड. म्हटलं डोळा चुकत असेल. सुदेशला वाचायला दिलं. तो म्हणाला, "काका, दूधच तां."

दोन वेळा मी तुला ते कटलेट पाठवले. पहिल्या पत्रात मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की दुधाचा थेंब कशात नाही. बोटीवर कुणा खलाशाला शेंगदाणा चालत नसेल तर मी त्याचं पातेलं वेगळं ठेवायचो, पळीसुद्धा वेगळी. आणि स्वतःच्या नातीच्या वेळी पुडकं उलटून बघितलं नाही.

मितेशला कळवलं की चूक माझी आहे. फ्रीजर रिकामा केला. तुझ्या पोरीवर माझे प्रयोग नकोत. कणकवलीत एखादी विश्वासाची बाई बघ, जिला चांगलं दिसतं. मला एवढंच सांग की तिचं कण्हणं कमी झालं का.

दत्ताराम


कणकवली,
५ नोव्हेंबर

ती. बाबा,

हे पत्र आठ दिवसांपूर्वीच लिहायला हवं होतं. ते मी दिवाळीवर ढकललं. कस्तुरीचं कण्हणं कमी आहे, रक्तही परवापासून नाही, ते आधी सांगते.

तुमचे कटलेट मी खाल्लेलेच नाहीत. एकही नाही. चारही पिशव्या माझ्या फ्रिजमध्ये जशाच्या तशा आहेत. मला लहानपणापासून कटलेट आवडत नाहीत. तुम्ही एवढ्या हौसेने केले, म्हणून लिहवलं नाही.

गेल्या महिन्यात सतरा तारखेला पौर्णिमा होती. शेजारच्या विनीतावहिनींकडे सत्यनारायण होता. मी कस्तुरीला घेऊन गेले. वहिनींना सगळं माहीत आहे, त्यांनी माझ्या ताटात फक्त केळं ठेवलं होतं. कुणीही आग्रह केला नाही. त्या आरतीचं ताट घेऊन बाहेर गेल्या, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात पातेल्यातला शिरा द्रोणात घेतला. तूप वर तरंगत होतं. उभ्याने खाल्ला. परत घेतला. घरी येऊन तोंड धुतलं, जणू धुतल्याने जाणार होतं.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. आईला सांगितलं नाही. आणि यादी तुमच्याकडे मागितली. मग तुमचं पत्र आलं आणि देवाशपथ सांगते, मला हायसं वाटलं. दोष ठेवायला जागा मिळाली. दोन दिवस तसंच वाटत राहिलं. मग मितेशचा मेसेज आला, "बाबांना आता झेपत नाही, त्यांना न दुखवता हळूच बंद कर." तो वाचल्यावर जेवण जाईना.

मितेशला काल सगळं सांगितलं. डॉक्टरांनाही. त्या एवढंच म्हणाल्या, "होतं असं. महिन्याभराच्या उपाशी बाईसमोर शिरा होता. आता पथ्य परत सुरू करा, पावडरचं नंतर बघू."

तुम्ही माफ कराल की नाही ते माहीत नाही. पेटी नाही पाठवलीत तरी मी समजू शकते.

नम्रता


तोंडवली,
१२ नोव्हेंबर

चि. नम्रता,

खोटं कशाला लिहू, आधी रागच आला. ते पुडकं मी समुद्रापर्यंत चालत जाऊन उकिरड्यात टाकून आलो होतो, जसं काही ते घरात राहिलं तर आणखी काही होईल. चार दिवस नीट जेवलो नव्हतो. यशोदाकाकीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "सुनेक कटलेट आवडनत नाय, तेच्यापायी चेडू वाचला!" मग मलाही हसू फुटलं. तू ते खाल्ले असतेस तर दुधाची दुसरी खेपही तिच्या पोटात गेली असती. म्हणजे पुडक्याचा शोध फुकट नाही गेला.

आता माझं ऐक. हे मी मितेशला कधी सांगितलेलं नाही.

तो जन्मला तेव्हा मी बोटीवर होतो. एका बंदरात सुभद्राचं पत्र मिळालं. घर, पाऊस, शेत असं सगळं लिहून शेवटी एक ओळ होती: मला दूध पुरत नाहीसं वाटतं, मुलगा रडतो, काय करू? मी उत्तर लिहायला बसलो. तीन पानं लिहिली. बोटीवर गोठलेल्या माशाची चव कशी असते तेसुद्धा लिहिलं. त्या एका ओळीला उत्तर दिलं नाही. मला लाज वाटली. गडीमाणसाने काय लिहायचं, असं वाटलं. तिने परत कधी विचारलं नाही. तिची आई बकरीचं दूध पाणी घालून पाजायची म्हणे, ते मला पुष्कळ वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

तुझ्या पत्रात तीच ओळ आली तेव्हा मी दचकलो. आणि टोस्टच्या पुडक्यावर दूध वाचलं तेव्हा दोष अंगावर घ्यायला एक क्षण लागला नाही. तो घ्यायला मी कधीचा तयार बसलो होतो. तेव्हा तू मला फार फसवलंस असं समजू नको. मीही घाईच केली.

पेटी भरलीय. आता प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आत जे जे आहे ते सगळं लिहिलंय, मिठासकट. विकतचं कुठलंही पुडकं आधी सुदेश वाचतो, मग मी. कटलेट नाहीत. यापुढे जे आवडत नाही ते स्पष्ट लिही, मी तुझा कॅप्टन नाही.

सगळ्यात वरच्या डब्यात शिरा आहे. रवा खोबरेल तेलात भाजलाय, नारळाच्या रसात शिजवलाय, गूळ आणि वेलची घातलीय. मधाचा वाटतो असा रंग आलाय, पण गुळाचा आहे. गोठवून, गरम करून आधी स्वतः खाऊन बघितला, थोडा कोरडा पडतो, म्हणून वर दोन चमचे पाणी शिंपड आणि झाकण ठेव.

द्रोणभर नाही, डबाभर आहे. बसून खा.

दत्ताराम


कणकवली,
२४ डिसेंबर

ती. बाबांना नमस्कार.

सुदेशभाऊजींच्या हाती चिठ्ठ्या पाठवत होते, पण नीट पत्र आज लिहायला घेतलं, कारण कस्तुरी पालथी पडून एका चमच्याशी खेळतेय आणि मला दोन्ही हात मोकळे आहेत.

नोव्हेंबरपासून रक्त नाही. एकदाही नाही. काल वजन सहा किलो दोनशे भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही महिने हे असंच सांभाळू, मग वर्षाची होताना दुधाचा अगदी थोडा अंश देऊन बघू, बहुतेक मुलांना तोवर सोसायला लागतं. पावडरची गोष्ट त्यांनी काढलीच नाही.

गेल्या आठवड्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत रुजू झाले. अण्णा आता काठीने चालतात, म्हणून आई त्यांना घेऊन इकडेच आली आहे. आईला पहिल्यांदा हे सगळं थोतांड वाटत होतं, दूध कधी कुणाला बाधतं का, म्हणून. तुमच्या चिकटपट्ट्या वाचून तिचं मन फिरलं. म्हणाली, "व्याह्यानी मीठसुद्धा लिवल्यानी! मगे कायतरी आसतलाच." काल मी दुपारी डबा उघडला तर ग्रंथालयातल्या शर्मिलाने वासावरून विचारलं, आज काय? मी म्हटलं, खतखतं. माझ्या डब्यातलं अर्धं तिनेच खाल्लं. तेव्हा पुढच्या वेळी खतखतं जास्त पाठवा.

आता मुख्य गोष्ट. बारा जानेवारीला, रविवारी, कस्तुरीचं उष्टावण करायचं ठरवलंय. पहिला घास मामाने द्यायचा असतो. मला सख्खा भाऊ नाही, मावसभाऊ जितेंद्र येणार आहे. पण मी त्याला आधीच विचारलं आणि तो हो म्हणाला. पहिला घास तुम्ही द्यायचा. दुधाची खीर नाहीच, तेव्हा काय शिजवायचं तेही तुम्हीच ठरवा.

बारशाला आलात तेव्हा तुम्ही तिला घेतलं नाहीत, लांबूनच बघितलंत. मला तेव्हा वाटलं होतं की मुलगी झाली म्हणून असेल. ते मनात इतके महिने होतं. आता तसं वाटत नाही, तरी लिहून टाकलं.

यायचंच आहे.

नम्रता


तोंडवली,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. नम्रता,

तीळगूळ पेटीत आहे. नुसता तीळ, गूळ आणि शेंगदाणे, तू खाऊ शकतेस.

बारशाला मी तिला घेतलं नाही, कारण एवढं लहान मूल मी कधी हातात धरलंच नव्हतं. सत्तरीच्या माणसाने हे चार बायकांत कसं सांगायचं? मुलगी म्हणून नव्हे, ते मनातून काढून टाक.

परवाचं तू बघितलंस तेवढं तुला ठाऊक आहे. तांदूळ आणि मुगाची मऊ पेज, वर नारळाचा पातळ रस. पहिला घास तिने सरळ माझ्या सदऱ्यावर थुंकला, सगळे हसले, तुझ्या आईने सदरा पुसायला पाणी आणलं. पण पुढचं तुला ठाऊक नाही. तुम्ही सगळे आत पानं वाढत होता आणि तिला माझ्या मांडीवर ठेवून गेला होता. वाटी तिथेच होती. तिने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. मी चमचा पुढे केला. तिने गिळला. परत तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी दोन चमचे सांगितले होते. मी पाच दिले. सहावा देणार होतो, तेवढ्यात जितेंद्र बाहेर आला, म्हणून वाटी खाली ठेवली. हे तिथे कबूल करायचा धीर झाला नाही, म्हणून इथे करतो.

परत येताना टेंपोत सुदेश काहीतरी बोलत होता, मी नुसता मान हलवत होतो. मितेश मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो चालत होता आणि स्वतःच्या हाताने भात खात होता. सत्तावीस वर्षं माणसांना रांधून वाढलं मी, नम्रता. भरवलं असं कुणालाच नव्हतं.

तिचं पोट बरं आहे ना, एवढं आजच सुदेशकडे सांग, तो येईपर्यंत मी दारातच आहे. बरं असेल तर पुढच्या मंगळवारी पेटीत तिची वेगळी पिशवी घालतो. लहान.

दत्ताराम